पानातला पिवळा आणि माझी एकोणीस वर्षं

शिंप्याचं पत्र सोमवारी दुपारी माझ्या टेबलावर आलं. कागद मापाच्या वहीतला होता. एका बाजूला कुणाच्या तरी छातीचं, कमरेचं आणि बाहीचं माप, दुसऱ्या बाजूला मजकूर.

‘रविवारच्या पुरवणीत “पानातला लपलेला पिवळा” हा प्रयोग छापला आहे. लिहिल्याप्रमाणे केला. तीन वेळा केला. पिवळा निघाला नाही, सगळं मिळून एकच फिकट हिरवं झालं. माझ्या मुलीने वर्गात करून दाखवला, तिथेही तेच. बाई म्हणाल्या, पेपरात येतं ते सगळं खरं नसतं. मुलगी घरी येऊन म्हणाली, बाबा, तुम्हीच वाचून दाखवला होता. तरी चूक कोणाची ते छापावे. मापात माझी चूक नाही.’

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या, आणि दोन्ही फूटपट्टीने मारलेल्या होत्या.

आठ दिवसांपूर्वीच्या पुरवणीचं ते पान माझं. मी दैनिकात उपसंपादक आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं कापून जागेत बसवणं हा माझा धंदा. आमच्याकडे रिवाज असा की, ज्याची चूक त्यानेच दुरुस्ती लिहायची आणि छापण्याआधी सकाळच्या बैठकीत उभं राहून मोठ्याने वाचायची. वाचन चालू असताना कोणी चहाचा घोट घेत नाही. शिक्षा एवढीच, पण मी त्या बैठकीत ढसाढसा रडलेले पुरुष पाहिले आहेत. एकोणीस वर्षांत मी एकदाही उभा राहिलो नव्हतो. कचेरीत मला ‘बिनचूक’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे मी ते कौतुक समजतो.

संपादकबाईंनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“गुरुवारी अकरा वाजता त्यांना बोलावते. त्यांच्यासमोर करून दाखवा. निघाला पिवळा, प्रश्न मिटला. नाही निघाला, तर दुरुस्ती.”

“निघणारच,” मी म्हणालो.

“तुम्ही कधी केलाय हा प्रयोग?”

“बाई, मी अपघाताच्या बातम्यासुद्धा अपघात न करताच छापतो.”

आजूबाजूच्या टेबलांमागे थोडा हशा झाला. बाई हसल्या नाहीत.

मूळ मजकूर एका कॉलेजातल्या निवृत्त प्रयोगशाळा सहायकाने हाताने लिहून पाठवला होता. तो असा की, पान हिरवं दिसतं, पण त्यात एकटा हिरवा नसतो. हिरव्याचेच दोन प्रकार असतात, एक निळसर आणि एक पिवळसर, आणि त्यांच्या गर्दीत दडलेले पिवळे, नारिंगी रंग असतात. उन्हातून अन्न बनवताना हिरव्याला प्रकाशाचा जो भाग पकडता येत नाही, त्यातला काही हे पिवळे पकडून त्याच्या हाती देतात, आणि ऊन फार झालं तर पानाला सांभाळतातही. मरेपर्यंत काम करायचं आणि नाव मात्र हिरव्याचं. हे वाचून मला उपसंपादकांचीच आठवण झाली होती, म्हणूनच मी ते पुरवणीत घेतलं.

रंग वेगळे कसे करायचे, तेही त्याने सोपं करून सांगितलं होतं. पानं स्पिरिटमध्ये कुटून रस काढायचा. टीपकागदाच्या पट्टीवर तळापासून एक बोट वर पेन्सिलने रेघ मारायची, रेघेवर रसाचा ठिपका द्यायचा, वाळला की त्यावरच दुसरा, असे दहा-बारा. मग पट्टी ग्लासातल्या स्पिरिटमध्ये उभी करायची. स्पिरिट कागदातून वर चढतं आणि रंगांना सोबत नेतं. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की जे होतं तेच. सगळे तळमजल्यावरून एकदमच निघतात, पण काही सरळ वर पोचतात आणि काही प्रत्येक मजल्यावर टेकतात. पिवळे झपाझप चढतात, हिरवे मागे रेंगाळतात.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघराचा ओटा ताब्यात घेतला. बायको दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसते. तिला नऊला निघायचं होतं.

“अहो, ती पालकाची जुडी रात्रीच्या भाजीची आहे.”

“चारच पानं लागतात.”

चार पानांचा रस पातळ आला, म्हणून आठ घेतली. साडेआठपर्यंत जुडी संपली. बायकोने उरलेल्या देठांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा न घेताच गेली.

छापलेलं कात्रण मी ओट्यावर चिकटवलं होतं आणि एकेक वाक्य वाचून तसंच करत होतो. अर्धा ग्लास स्पिरिट, त्यात पट्टी. वीस मिनिटांनी ग्लासातलं स्पिरिट छान हिरवं झालं आणि कागद आजाऱ्यासारखा फिकट. पिवळ्याचा पत्ता नाही. शिंप्याने वर्णन अगदी अचूक केलं होतं. माणूस बातमीदार म्हणून चालला असता.

दारात वरच्या मजल्यावरचे प्रेशरकाका उभे होते. आयुष्यभर बॉयलरच्या कारखान्यात होते. जगात जे काही बिघडतं ते दाबामुळे, असं त्यांचं मत आहे.

“वास जिन्यापर्यंत आलाय. काय चाललंय?”

मी सांगितलं. त्यांनी पट्टी उजेडात धरली.

“पेन्सिलची रेघ दिसते का ही? निशाणी कशी ठळक पाहिजे. बॉलपेनने मारा. आणि पट्टी नीट दाबून बसवा.”

दाबाचं मी सोडून दिलं, पण बॉलपेन घेतलं. यावेळी दहाच मिनिटांत रेघेपासून वरपर्यंत सुंदर जांभळा पट्टा पसरला, त्याला निळी किनार. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी बायकोला दवाखान्यात फोन केला.

“जांभळा निघालाय!”

तिकडे कुणाची तरी दाढ काढत होते, तो आवाज येत होता. ती हळूच म्हणाली, “पालकात जांभळा असतो?”

“असणारच. लपलेला.”

“आणि पेनात?”

मी फोन ठेवला. काका म्हणाले, “कंपनीने शाईत भेसळ केली असणार,” आणि निघून गेले. रेघ पेन्सिलचीच का, तर ती स्पिरिटमध्ये विरघळत नाही, जागची हलत नाही. हे त्या सहायकाला माहीत होतं, म्हणून त्याने लिहिलं होतं. लेखकालाच फोन करून विचारायचं मला सुचलं नाही असं नाही. पण त्याला विचारायचं म्हणजे, तुमचा मजकूर मी समजून न घेता छापला, हे कबूल करायचं. एकोणीस वर्षं बिनचूक राहिलेला माणूस असा सहज खाली उतरत नाही.

दुपारपर्यंत स्पिरिटची बाटली संपली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आणखी तीन मागितल्या.

“जखम कुठे आहे?” दुकानदाराने विचारलं.

“जखम नाही. पानं कुटायची आहेत.”

“एकाहून जास्त बाटल्या हव्या असतील तर वहीत नाव, पत्ता आणि कारण लिहावं लागेल. आमचा नियम आहे.”

नियम मला आवडतात. मी कारणाच्या रकान्यात नीट लिहिलं, ‘हरितद्रव्याचे पृथक्करण’. त्याने वही फिरवून वाचलं.

“चाळीस वर्षं दुकानात बसतोय, हा आजार ऐकला नाही. संसर्गजन्य आहे का?”

माझ्या मागे रांगेत समोरच्या घरातल्या वहिनी होत्या. त्यांनी बाटल्या मोजल्या. संध्याकाळी त्यांनी बायकोला जिन्यात गाठलं आणि तिच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. एका समुपदेशकाचा फोन नंबर होता. “माझ्या मावसभावाची सुटली,” त्या म्हणाल्या. “लाजायचं काही कारण नाही. सुरुवातीला सगळे प्रयोगच म्हणतात.”

बायकोने चिठ्ठी फ्रिजवर लावली. का लावली ते विचारलं, तर म्हणाली, “असू दे, नंबर आहे.”

बुधवारी सकाळी मी पालकावर ठपका ठेवला. काकांचंही म्हणणं पडलं की भाजीचं पान पाणचट असतं, खरा रंग झाडाच्या पानात. झाड आमच्या आवारात आहे, फाटकाशीच, आणि पानं अगदी गडद. पण आवारातलं पान तोडायला सेक्रेटरींची परवानगी लागते. हा नियम झाला तेव्हा बाजूने पहिला हात माझाच वर गेला होता. त्यामुळे मी रीतसर अर्ज केला. ‘शास्त्रीय कारणासाठी दहा (१०) पाने तोडण्याची परवानगी मिळावी.’ सेक्रेटरी विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“दहाच का?”

“दहा पुरतात.”

“मागच्या वर्षी एकाने कुंडीला माती मागितली. दिली. पुढच्या महिन्यात त्याने कुंडी ठेवायला जिना मागितला. समितीपुढे ठेवतो.”

“समिती कधी बसते?”

“शनिवारी.”

“मला उद्या हवीत.”

“मग अर्ज गेल्या शनिवारी यायला हवा होता,” ते म्हणाले. वितंडवाद घालण्यात अर्थ नव्हता. अंतिम मुदत म्हणजे काय, हे मीच लोकांना सांगत आलो आहे.

फाटकाबाहेर गळून पडलेली चार हिरवी पानं मिळाली. ती वाकून उचलताना गॅलरीतून वहिनींनी पाहिलं. मी ताठ चालत घरी आलो, जरुरीपेक्षा थोडं जास्तच ताठ. त्यानेही गैरसमज वाढला, असं नंतर कळलं.

आता हिशेब असा होता. ती जांभळी सोडली तर चौदा पट्ट्या झाल्या होत्या, चौदाही फिकट हिरव्या. त्या मी तारीख-वेळ घालून कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लावल्या होत्या आणि उन्हाने त्यांतला होता तो हिरवाही उडून चालला होता. स्पिरिटच्या शेवटच्या बाटलीच्या तळाशी जेमतेम नखभर शिल्लक होतं. पंधराव्या पट्टीवर झाडाच्या पानाचे बारा ठिपके देऊन मी ती ग्लासात सोडली आणि ग्लासात ते नखभर स्पिरिट ओतलं. आशा नव्हती. बाटली रिकामी करायची, एवढंच.

तेवढ्यात बेल वाजली. सेक्रेटरी होते.

“तुम्ही समितीच्या निर्णयाआधीच पानं घेतलीत, अशी तोंडी तक्रार आहे.”

“फाटकाबाहेर पडलेली होती.”

“झाड आतलं आहे.”

“पानं बाहेर होती.”

“पडताना ती आतून बाहेर गेली. म्हणजे मूळ मालकी आतली.”

यावर आमची पंचवीस मिनिटं गेली. त्यांनी नाकाने दोनदा हवा ओढली आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “घरात काही अडचण असेल तर सांगा. समितीबाहेर ठेवू.” मी दार लावून घेतलं, सावकाश. आपटलेलं दार पुराव्यात जातं.

ओट्याकडे वळलो तर पट्टीच्या वरच्या टोकाला पिवळा होता.

शंकेला जागा नव्हती. वर स्वच्छ पिवळी कड, तिच्याखाली निळसर हिरवा, त्याखाली पिवळट हिरवा. तीन भाडेकरू तीन मजल्यांवर आणि तळाशी पेन्सिलची रेघ, कोरडी, स्पिरिटच्या बरीच वर. शेजारी मी कालचा अर्धा भरलेला ग्लास ठेवला. त्यात रेघ बुडाली होती. ठिपके वर चढण्याआधीच स्पिरिटमध्ये विरघळून गेले होते. चौदा वेळा मी लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीचा तळमजलाच पाण्याखाली घातला होता.

पान, कागद, शाई, समिती, सगळे निर्दोष सुटले. उरला मजकूर. आणि मजकूर मी अक्षरशः पाळला होता.

कचेरीत जाऊन खालच्या कप्प्यातून मूळ प्रत काढली. दुसऱ्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘रेघ स्पिरिटच्या वर राहिली पाहिजे. ती बुडाली तर रंग कागदावर चढत नाहीत, ग्लासात उतरतात. बाकी थोडंफार चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये.’ त्या तिन्ही वाक्यांवर तांबड्या पेन्सिलची आडवी रेघ होती आणि समासात एक शब्द, ‘पाल्हाळ’. अक्षर माझं.

चौकट तीन ओळींनी मोठी होत होती, हे मला तेव्हा आठवलं. खाली गाद्यांची जाहिरात होती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. नवी जुडी होती आणि ती तिने स्वतःच्या मांडीवर ठेवली होती.

“मग उद्या काय करणार?”

“प्रयोग. बाईंनी तेवढंच सांगितलंय. पिवळा निघेल, प्रश्न मिटेल.”

“आणि त्या मुलीचा?”

“तिचा बाप समोर बघेलच की.”

“तो घरी जाऊन पेपरात आहे तसंच करणार. तिचा पुन्हा हिरवाच निघणार.” तिने एक पिवळं पडलेलं पान वेगळं काढलं. “वर तिला वाटेल की पेपरवाल्यांना जमतं, आपल्यालाच जमत नाही.”

 गुरुवारी निघताना मूळ प्रतीचं दुसरं पान घडी घालून खिशात ठेवलं. का ठेवलं, ते तेव्हा ठरलेलं नव्हतं.

शिंपी अकराला पाच कमी असतानाच आला. पन्नाशीचा, सडपातळ, गळ्यात टेप तशीच. दुकान उघडं टाकून आलो म्हणाला. सोबत कात्रण आणि त्याच्या तीन पट्ट्या होत्या, कडा अशा कापलेल्या की आमच्या छपाईखात्याने लाजावं. बैठकीच्या टेबलाभोवती संपादकबाई आणि अख्खा विभाग होता. मी नव्या बाटलीतलं नखभर स्पिरिट ग्लासात ओतलं, पट्टी सोडली आणि सगळे ग्लासाकडे बघत बसलो. चहा आला, कोणी घेतला नाही. सतराव्या मिनिटाला पिवळा दिसायला लागला.

“निघाला,” बाई म्हणाल्या. “चला, प्रश्न मिटला.”

मागून कोणीतरी “बिनचूक!” म्हणालं. माझी मान ताठ झाली, याची नोंद मी प्रामाणिकपणे करतो.

 शिंपी वाकला, गळ्यातली टेप काढली, ग्लासाला बाहेरून लावली आणि वाचली. मग आपल्या पट्ट्या पाहिल्या.

“साहेब, तुमची रेघ वर आहे. माझी बुडाली होती.” त्याने कात्रणावरून एकेक ओळीखाली बोट फिरवलं, शेवटपर्यंत. “हे इथे नाही लिहिलेलं.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

“पण आपली अक्कलही चालवायला हवी होती म्हणा,” तोच पुढे म्हणाला आणि कात्रणाची घडी घालायला लागला. “गिऱ्हाईक तरी कुठे सगळं सांगतं? आपणच विचारून घेतो. मापात माझी चूक नाही असं लिहिलं होतं मी पत्रात. तेवढं मागे घेतो. पोरीला सांगतो, बाबा चुकला.”

मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. एकोणीस वर्षं मी लोकांची वाक्यं कापत आलो, एक आपलं गिळायला काय हरकत होती? पण तो माणूस घडी फार नीट घालत होता, कडेला कड जुळवून.

“थांबा,” मी म्हणालो आणि खिशातलं पान टेबलावर उघडलं.

त्याने वाचलं. तांबड्या रेघेखालची तीन वाक्यं, मग समासातला शब्द. पान त्याने बाईंकडे सरकवलं. 

“तुम्हीपण कापता तर,” शिंपी मला म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्याला म्हणावं तसं. “आम्ही कापायच्या आधी दोनदा मोजतो.”

“आम्ही फक्त जागा मोजतो,” मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मी बैठकीत उभा राहिलो. चहाचे कप खाली गेले. मी वाचलं, ‘गेल्या आठवड्याच्या पुरवणीतील प्रयोगात, रेघ स्पिरिटच्या वर राहिली पाहिजे, ही मूळ लेखकाची सूचना आमच्याकडून कापली गेली. त्याशिवाय प्रयोग होत नाही. प्रयोग करणाऱ्या वाचकाच्या मापात चूक नव्हती.’ रडलो नाही. पान लावणारा म्हणाला, जागा चार ओळींची आहे, मजकूर पाच होतोय, शेवटचं वाक्य काढू का, नाहीतरी पाल्हाळच आहे. अख्खा विभाग माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, “गाद्यांची जाहिरात एक ओळ खाली सरकव.” ती सरकते, हे मला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं.

शनिवारी जिन्यात वहिनी भेटल्या. “वाचलं बाई पेपरात. म्हणजे तुमचं ते खरंच पानांसाठी होतं तर!” त्यांचा चेहरा किंचित उतरला होता. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः पत्र घेऊन आले. सही, शिक्का, ‘दहा (१०) पाने तोडण्यास परवानगी, मुदत सात दिवस.’ मी ती दहा पानं तोडली. मंजूर झालेली होती.

पुढच्या आठवड्यात पाकीट आलं. आत टीपकागदाची पट्टी, वर पिवळा, खाली दोन हिरवे, आणि मागे शाळकरी अक्षरात ‘बाईंनी पण बघितलं’. ती मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावली. तिथे दुपारचं ऊन येतं. आठ दिवसांत हिरवे उडाले, महिन्याभरात पिवळाही गेला. आता नवीन आलेले विचारतात, की हा कोरा कागद इथे कशाला लावलाय.

मी म्हणतो, कोरा नाही. तळापासून एक बोट वर बघा. पेन्सिलची रेघ आहे.